एकाच सर्व्हरवर अनेक डोमेनं, अनेक अ‍ॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक लहानसा भाड्याचा सर्व्हर, त्यावर तीन-चार वेगवेगळ्या लोकांची अ‍ॅप आणि प्रत्येकाचं स्वतःचं डोमेन. एकट्यानं किंवा दोघा-तिघांनी मिळून साइटची कामं घेणारे अनेक जण याच मांडणीवर येतात, कारण ती स्वस्त पडते आणि नीट केली तर वर्षानुवर्षं चालते. "नीट केली तर" या अटीत काय काय येतं, ते इथे लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून तीन अ‍ॅप धरू: एका प्रकाशनाची वर्डप्रेस साइट, एका वाचनालयाचं जँगोमध्ये लिहिलेलं सभासद-अ‍ॅप आणि घरगुती मसाले विकणाऱ्या एका उद्योगाचं नोडमधलं ऑर्डरचं अ‍ॅप. सर्व्हरवर उबुंटू किंवा डेबियन, पुढे एनजिनेक्स, म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक विनंती आधी घेणारं वेब-सर्व्हर सॉफ्टवेअर. सेटिंगची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहायची.

एकाच आयपी पत्त्यावर अनेक डोमेनं चालतात कशी? कोण कुणाकडे आलंय हे सर्व्हरला कसं कळतं?

ब्राउझर सांगतो म्हणून कळतं. डीएनएस फक्त नावावरून आयपी काढून देतं आणि तिथेच त्याचं काम संपतं. पुढे ब्राउझर सर्व्हरशी जोडला जातो आणि विनंती पाठवताना 'होस्ट' नावाच्या ओळीत डोमेनचं नाव लिहितो. ती ओळ वाचून एनजिनेक्स ठरवतं की ही विनंती वाचनालयाच्या अ‍ॅपकडे द्यायची की मसाल्यांच्या.

एचटीटीपी १.० मध्ये ही ओळ बंधनकारक नव्हती, त्यामुळे एका साइटला एक आयपी हा हिशेब होता. १९९७ साली एचटीटीपी १.१ चं मानक आलं आणि त्यानं ही ओळ सक्तीची केली. ती नसेल तर सर्व्हरनं ४०० चा एरर द्यावा, असं मानकच सांगतं. अपाचीत या सोयीला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात, एनजिनेक्समध्ये 'सर्व्हर ब्लॉक'.

याचा एक रोजचा उपयोग आहे. डीएनएस बदलण्याआधीच नवी साइट तपासायची असेल तर आपल्या संगणकाच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये डोमेन आणि नवा आयपी लिहा. जगाला जुनी साइट दिसत राहील, तुम्हाला एकट्याला नवी दिसेल. काम झाल्यावर ती ओळ काढायला विसरू नका.

एचटीटीपीएसमध्ये सगळंच कूटबद्ध असतं. मग 'होस्ट' वाचायच्या आधी योग्य सर्टिफिकेट (डोमेन खरं असल्याचा सर्व्हरनं दाखवायचा दाखला) कसं निवडलं जातं?

पत्र पाकिटात बंद असलं तरी पाकिटावर नाव लागतंच, तसं. 'होस्ट' ही ओळ आतल्या पत्रात असते. पाकिटावरच्या नावाला एसएनआय म्हणतात आणि ते जोडणीच्या पहिल्याच संदेशात जातं. हे मानक २००३ सालचं, पण बरीच वर्षं ते बेधडक वापरता येत नव्हतं, कारण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते कळत नसे. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपवला आणि ती अडचण हळूहळू मिटली. आज सर्टिफिकेटसाठी वेगळा आयपी घ्यायला कारण उरलेलं नाही.

तरीही प्रत्येक डोमेनला वेगळा आयपी घेतला तर गूगलमध्ये फायदा होतो का?

नाही. त्यावर पैसे घालवू नका. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४.२९ अब्ज. त्यांचा जागतिक मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, म्हणून ते आता महाग आहेत. अ‍ॅमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं. वेगळ्या आयपीचा खरा उपयोग ईमेल पाठवताना होतो. तो प्रश्न खाली आहे.

डीएनएसमध्ये नेमकं काय भरायचं?

मूळ डोमेनला 'ए' रेकॉर्ड, त्यात सर्व्हरचा आयपी. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ला 'सीनेम' (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं रेकॉर्ड) किंवा पुन्हा 'ए'. मूळ डोमेनला 'सीनेम' देता येत नाही, कारण तिथे 'एनएस' आणि 'एसओए' रेकॉर्ड आधीपासून असतात आणि 'सीनेम'सोबत दुसरं काही नांदू शकत नाही.

सापळा असतो तो 'क्वाड ए' रेकॉर्डचा, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याचा. डोमेन आधी दुसऱ्या होस्टिंगवर असेल तर तिथला जुना आयपीव्ही६ पत्ता तसाच राहून जातो. मग काहींना नवी साइट दिसते, काहींना जुनी. 'ए' रेकॉर्ड बरोबर असल्यामुळे कुणाचं तिकडे लक्षच जात नाही. मोफत सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्टही असा पत्ता असेल तर आयपीव्ही६ नंच आधी तपासणी करतं, त्यामुळे सर्टिफिकेट मिळत नाही आणि माणूस एनजिनेक्सची फाइल पुन्हा पुन्हा चाळत बसतो. डोमेन हाती आलं की सर्वात आधी हे रेकॉर्ड बघा.

एनजिनेक्स, अपाची की कॅडी?

तिन्ही चालतात. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेलं एनजिनेक्स सर्वात जास्त पाहायला मिळतं, त्यामुळे अडलं की मदतही लगेच सापडते. कॅडी सर्टिफिकेट आपण होऊन आणतं आणि नूतनीकरणही करतं. पहिल्यांदाच सर्व्हर लावणाऱ्याला मी निःसंकोच कॅडी सुचवेन. वर्डप्रेसच्या जुन्या साइट 'एचटीअ‍ॅक्सेस' फाइलवर अवलंबून असतील तर अपाचीच बरं, कारण बाकीचे दोघे ती फाइल वाचत नाहीत.

वाचनालयाचं डोमेन उघडलं तर मसाल्यांचं दुकान दिसतं! असं का?

हा प्रकार पाहिला की क्लायंट घाबरतात. सर्व्हर हॅक झाला असं त्यांना वाटतं. कारण साधं असतं: आलेलं नाव कुठल्याच 'सर्व्हर_नेम'शी जुळलं नाही तर एनजिनेक्स विनंती नाकारत नाही. त्या पोर्टवरचा जो ब्लॉक 'डीफॉल्ट_सर्व्हर' म्हणून लिहिला असेल त्याला ती देतं. तसं कुठेच लिहिलं नसेल तर जो ब्लॉक सर्वात आधी वाचला गेला तोच डीफॉल्ट ठरतो. फाइली वर्णानुक्रमे वाचल्या जातात, म्हणजे फाइलीच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर कुणाची साइट कुणाच्या डोमेनवर दिसणार हे ठरतं.

जुळत का नाही, याची नेहमीची कारणं: 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' असलेलं नाव लिहायचं राहिलं, पोर्ट ८० चा ब्लॉक आहे पण ४४३ चा नाही, किंवा आयपीव्ही४ साठी 'लिसन' लिहिलं आणि आयपीव्ही६ साठी लिहिलंच नाही.

ती चूक सुधाराच, पण त्याआधी प्रत्येक सर्व्हरवर एक कोरा डीफॉल्ट ब्लॉक बनवा. पोर्ट ८० वर त्यात 'रिटर्न ४४४' लिहिलं की एनजिनेक्स उत्तर न देता जोडणी तोडतं. पोर्ट ४४३ वर 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक ऑन' लिहा. ही सोय आवृत्ती १.१९.४ पासून आहे आणि तिला सर्टिफिकेटही लागत नाही. यामुळे अनोळखी डोमेन किंवा नुसता आयपी टाकून येणारी वाहतूक कुठल्याच अ‍ॅपपर्यंत पोहोचत नाही. कुणी आपलं भलतंच डोमेन तुमच्या आयपीकडे वळवलं तरी त्याला तुमच्या क्लायंटची साइट आपल्या नावाखाली दाखवता येत नाही.

जँगोत याच्या जोडीला 'अलाउड_होस्ट्स'मध्ये नेमकी नावं लिहा. तिथे तारका टाकून मोकळं होणारे पुष्कळ असतात. पासवर्ड बदलायच्या ईमेलमधली लिंक अ‍ॅप अनेकदा 'होस्ट' वाचून बनवतं. तिथे कुणीही काहीही नाव घुसवू शकत असेल तर ती लिंक भलत्याच डोमेनची निघेल आणि पासवर्डची किल्ली तिकडे जाईल.

दोन अ‍ॅपना एकच पोर्ट ३००० हवा आहे. काय करायचं?

एकाला ३००१ द्या. बाहेरच्या जगाला ८० आणि ४४३ हेच पोर्ट दिसतात, आतले आकडे तुमच्या सोयीचे. कुठलं अ‍ॅप कुठल्या पोर्टवर आहे त्याची यादी सर्व्हरवरच एका साध्या मजकूर-फाइलीत ठेवा. अ‍ॅप आणि एनजिनेक्स एकाच यंत्रावर असतील तर पोर्टऐवजी युनिक्स सॉकेट (जोडणीसाठीची एक खास फाइल) वापरता येतं. मग आकड्यांचा प्रश्नच राहत नाही आणि फाइलीच्या परवानग्यांनी प्रवेश ठरवता येतो.

पोर्ट कुठला यापेक्षा तो कुठल्या पत्त्यावर उघडा आहे हे जास्त महत्त्वाचं. अ‍ॅप १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर त्याच्याशी फक्त सर्व्हरच्या आतून बोलता येतं. ०.०.०.० वर ऐकत असेल तर सगळ्या जगातून.

डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. "माझी यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू आहे, मला काय होणार" असं समजून लोक डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या पोर्टसाठी '५४३२:५४३२' लिहितात. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलचे) नियम घालतं आणि ती वाहतूक यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत येतच नाही. फायरवॉल "बंद" सांगते आणि पोस्टग्रेस मात्र जगाला उघडा असतो. '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहा. डेटाबेस फक्त दुसऱ्या कंटेनरलाच लागत असेल तर पोर्टची ओळच काढून टाका. एका जाळ्यातले कंटेनर तिच्याशिवायही एकमेकांशी बोलतात. मग घरच्या संगणकावरून सर्व्हरच्या आयपीवर त्या पोर्टला जोडून बघा. सर्व्हरच्या आतून केलेली तपासणी या बाबतीत उपयोगाची नाही.

डोमेनं वेगळी आहेत, म्हणजे एक साइट हॅक झाली तरी बाकीच्या सुरक्षित ना?

नाही, आणि हे पान लिहायचं मुख्य कारण हेच. वेगळं डोमेन म्हणजे दारावरची वेगळी पाटी. ब्राउझरच्या बाजूनं ते खरंच वेगळेपण देतं: एका डोमेनची कुकी दुसऱ्याला दिसत नाही. सर्व्हरच्या बाजूनं ते काहीही वेगळं करत नाही. तिथला वेगळेपणा आपण हातानं उभा करायचा असतो, आणि तो केला नाही तरी सगळं चालतं, म्हणून तो राहून जातो.

डेबियन-उबुंटूवर पीएचपी-एफपीएम (वर्डप्रेसचा पीएचपी कोड चालवणारी सेवा) सुरुवातीला एकाच पूलमध्ये, म्हणजे प्रक्रियांच्या एकाच गटात, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या एकाच वापरकर्त्याच्या नावानं चालतं. त्यावर चार वर्डप्रेस साइट असतील आणि एकीच्या जुन्या प्लगइनमधून कुणी आत आलं, तर त्याला उरलेल्या तिघींच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइली वाचता येतात. त्यात डेटाबेसचे पासवर्ड असतात. दुर्लक्षित राहिलेल्या सर्वात लहान साइटमधून सर्वात मोठीचा डेटा जातो.

म्हणून प्रत्येक अ‍ॅपला वेगळा लिनक्स वापरकर्ता द्या. पीएचपी असेल तर वेगळा पूल आणि वेगळं सॉकेट. अ‍ॅपच्या फोल्डरची परवानगी ७५० (मालकाला सगळं, गटाला फक्त वाचणं आणि आत जाणं, इतरांना काही नाही). एनजिनेक्सला चित्रं आणि सीएसएस वाचायचे असतात, म्हणून त्याच्या वापरकर्त्याला त्या-त्या अ‍ॅपच्या गटात घाला. 'सगळ्यांना वाचू द्या' हा उपाय नव्हे. आणि ७७७ (सगळ्यांना सगळं) कुठेही नको.

डेटाबेसमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वापरकर्ता आणि त्याला फक्त स्वतःच्या डेटाबेसचे हक्क. मायएसक्यूएलमध्ये 'रूट' वापरून अ‍ॅप चालवू नका. पोस्टग्रेसमध्ये एक बारकावा आहे: नवा डेटाबेस बनवला की त्याला जोडलं जाण्याचा हक्क सुरुवातीला सर्वच वापरकर्त्यांना असतो. तक्ते वाचता येत नसले तरी आत येता येतं. 'पब्लिक'कडून तो 'कनेक्ट' हक्क काढून घ्या.

रेडिसकडे, म्हणजे कॅश आणि कामांच्या रांगा मेमरीत ठेवणाऱ्या साठ्याकडे, तर कुणी बघतच नाही. त्यात ० ते १५ असे सोळा डेटाबेस मिळतात, म्हणून लोक एकेका अ‍ॅपला एकेक आकडा देतात. पण 'फ्लशऑल' हा आदेश सगळे आकडे एकदम पुसतो. वर्डप्रेसच्या कॅशनं तो दिला तर वाचनालयाच्या स्मरण-ईमेलांची रांगही त्यासोबत गेली. दोन रेडिस वेगवेगळे चालवा; रिकाम्या रेडिसला काही एमबी मेमरी पुरते.

एवढं करूनही कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यांचं एकच राहतं, डॉकर वापरलं तरी. रुग्णांची माहिती किंवा पैशांचे व्यवहार असलेलं अ‍ॅप मी दुसऱ्याच्या वर्डप्रेसशेजारी ठेवणार नाही. त्याला वेगळा सर्व्हर हवा आणि त्याचा खर्च क्लायंटला स्पष्ट सांगायला हवा.

क्लायंटला वेगळं डोमेन न घेता माझ्याच डोमेनचं सबडोमेन दिलं तर?

चाचणीपुरतं ठीक, कायमचं नको. सबडोमेनवरचं अ‍ॅप मूळ डोमेनसाठी कुकी ठेवू शकतं आणि ती शेजारच्या सबडोमेनांनाही जाते. शिवाय मूळ डोमेनवर एचएसटीएसमध्ये (फक्त एचटीटीपीएसनंच या, असं ब्राउझरला सांगणाऱ्या ओळीत) 'सबडोमेनांसह' असं लिहिलं असेल, तर एचटीटीपीवरचं प्रत्येक सबडोमेन ब्राउझरसाठी बंद होतं.

एका सर्व्हरवर किती अ‍ॅप मावतात?

मेमरी ठरवते. रोज शे-दोनशे लोक येणाऱ्या साइटला सीपीयू क्वचितच कमी पडतो. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रक्रिया साधारण ४० ते ८० एमबी घेते, जँगोचा एक वर्कर १०० एमबीच्या आसपास. त्यावर डेटाबेस. आकडे अ‍ॅपनुसार बदलतात, आपल्या सर्व्हरवर मोजूनच घ्या.

गोंधळ होतो तो प्रत्येक अ‍ॅपचं मार्गदर्शक स्वतंत्रपणे पाळल्यामुळे. जँगो चालवणारं गनिकॉर्न सांगतं, वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) ठेवा सीपीयूच्या दुप्पट अधिक एक. दोन सीपीयूला पाच. हा हिशेब सर्व्हरवर एकच अ‍ॅप आहे असं धरून केलेला आहे. अशी चार अ‍ॅप असली की वीस वर्कर होतात, म्हणजे नुसते त्यांचेच दोन जीबी. पीएचपीच्या 'मॅक्स_चिल्ड्रन'चंही तेच. आधी एकूण मेमरी घ्या, डेटाबेस आणि सिस्टीमसाठी बाजूला काढा, मग उरलेली अ‍ॅपमध्ये वाटा. लहान साइटला दोन वर्कर पुरतात.

एक अ‍ॅप बिघडलं की सगळेच बंद पडतात. कसं थांबवायचं?

मेमरी संपली की लिनक्स स्वतः कुणाला तरी मारतं, आणि ज्यानं जास्त जागा घेतली आहे त्यावर आधी घाव येतो. तो पुष्कळदा डेटाबेस असतो. दोष दुसऱ्याचाच असतो. प्रत्येक अ‍ॅप सिस्टिमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची) सेवा म्हणून चालवा आणि 'मेमरीमॅक्स' लावा. मर्यादा ओलांडणारं अ‍ॅप तेवढंच मरतं आणि 'रिस्टार्ट' लिहिलेलं असेल तर पुन्हा उठतं.

डिस्क भरणं त्याहून वाईट, कारण डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि सगळेच अडकतात. डॉकरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये कितीही वाढू शकतात. त्यांना कमाल आकार द्या. आणि डिस्क ८० टक्के भरली की फोनवर सूचना येईल अशी व्यवस्था करा. साइट चालू आहे का हे बघणारा पहारा सर्व्हरच्या बाहेर हवा.

सर्टिफिकेट सगळ्यांना मिळून एक, की प्रत्येकाला वेगळं?

वेगळं. एका सर्टिफिकेटमध्ये अनेक नावं घालता येतात, पण त्यातल्या एका क्लायंटनं डोमेन हलवलं की पुढचं नूतनीकरण सगळ्यांचंच अडतं. शिवाय आत कुणाकुणाची नावं आहेत हे कुणीही बघू शकतो.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. ते ईमेल करून आठवण द्यायचे, ती सोय जून २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे मुदतीवर लक्ष ठेवणं आता आपलं काम. सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्यानं उतरत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हातानं नूतनीकरण करायची सवय असेल तर ती आत्ताच सोडा. नवी मांडणी तपासताना सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या साधनाचा 'ड्राय-रन' वापरा. नेमक्या त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचदाच मिळतं, आणि प्रयोगांत ते संपलं तर थांबावं लागतं.

प्रत्येक नवं सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं. 'टेस्ट' नावाचं सबडोमेन कुणाला माहीत नाही, असं समजून त्याला पासवर्डशिवाय ठेवू नका.

एचटीटीपीएस लावल्यावर साइट गोल गोल फिरत राहते, "खूप वेळा वळवलं" असा एरर येतो.

ब्राउझर ते एनजिनेक्स हा प्रवास एचटीटीपीएसनं होतो, पण एनजिनेक्स ते अ‍ॅप साध्या एचटीटीपीनं. अ‍ॅपला वाटतं पाहुणा असुरक्षित मार्गानं आला, म्हणून ते त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतं. तो पुन्हा येतो, पुन्हा तेच. एनजिनेक्सनं 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' ही ओळ पाठवायला हवी आणि अ‍ॅपनं ती मानायला हवी. जँगोत 'सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर', नोडच्या एक्सप्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी'. सर्व्हरच्या पुढे क्लाउडफ्लेअरची मध्यस्थ सेवा असेल आणि तिथे 'फ्लेक्सिबल' निवडलं असेल तर क्लाउडफ्लेअर आणि तुमच्या सर्व्हरमध्ये हेच घडतं. 'फुल (स्ट्रिक्ट)' निवडा.

पाहुण्याचा खरा आयपीही असाच पुढे द्यावा लागतो. नाहीतर अ‍ॅपला सगळे १२७.०.०.१ वरूनच आलेले दिसतात, आणि चुकीच्या पासवर्डमुळे एकाला अडवायला गेलं की सगळेच अडतात.

५०२, ५०४, ४१३ म्हणजे काय?

५०२: एनजिनेक्स आहे, मागचं अ‍ॅप मेलं किंवा पोर्ट चुकला. ५०४: अ‍ॅप आहे पण मुदतीत उत्तर दिलं नाही; ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. ती वाढवण्याआधी एवढा वेळ का लागतो ते बघा. ४१३: फाइल मोठी आहे, कारण एनजिनेक्सची मूळ मर्यादा १ एमबी. प्रकाशनाच्या मुखपृष्ठांसाठी त्या एकाच साइटच्या ब्लॉकमध्ये ती वाढवा.

एका साइटला पीएचपी ७.४ लागतं, दुसरीला ८.३.

दोन्ही शेजारी-शेजारी चालतात, प्रत्येकाचं सॉकेट वेगळं. पण ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला आहे. ती साइट बाकीच्यांसाठी धोका आहे हे क्लायंटला लेखी कळवा आणि बदलाची तारीख ठरवा.

एका साइटची सेटिंग बदलताना बाकीच्या बंद पडू नयेत म्हणून काय करावं?

आधी 'एनजिनेक्स -टी' (सेटिंगच्या फाइली तपासणारा आदेश), मग 'रीलोड'. 'रिस्टार्ट' नको. रीलोडमध्ये चालू असलेल्या विनंत्या जुन्या प्रक्रिया पूर्ण करतात, आणि फाइल चुकली असेल तर जुनीच मांडणी चालू राहते. रिस्टार्टमध्ये चूक असेल तर एनजिनेक्स उठतच नाही आणि सगळी डोमेनं एकदम जातात.

सर्व्हर रीबूट झाल्यावरही हेच होऊ शकतं. एका डोमेनच्या सर्टिफिकेटची फाइल सापडली नाही, किंवा 'प्रॉक्सी_पास'मध्ये (विनंती पुढे कुठे द्यायची ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) लिहिलेल्या एका कंटेनरचं नाव त्या क्षणी सापडलं नाही, तरी एनजिनेक्स सगळ्यांसाठीच सुरू व्हायला नकार देतं. म्हणून काम सोडून गेलेल्या क्लायंटची फाइल तशीच पडू देऊ नका.

होस्टिंगवाले रोज स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) घेतात. ते पुरेसं आहे ना?

एकाच अ‍ॅपसाठी कदाचित. अनेकांसाठी नाही. समजा प्रकाशनाच्या साइटवर कुणी चुकून सगळी पुस्तकं पुसली आणि कालची प्रत हवी आहे. स्नॅपशॉट परत आणला तर पूर्ण सर्व्हर कालवर जातो, आणि मसाल्यांच्या आजच्या ऑर्डरी नाहीशा होतात. प्रत्येक अ‍ॅपच्या डेटाबेसची आणि अपलोड केलेल्या फाइलींची स्वतंत्र प्रत घ्या, ती दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवा आणि अधूनमधून एखादी प्रत रिकाम्या यंत्रावर उभी करून बघा. उभी करून पाहिलेली नसेल तर ती प्रत मोजूच नका.

ईमेल याच सर्व्हरवरून पाठवू का?

नको. आयपीवरून नाव शोधणारा 'पीटीआर' रेकॉर्ड साधारणपणे एका आयपीला एकच ठेवतात, कितीही डोमेनं असोत. अनेक क्लाउड कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. आणि एका साइटच्या फॉर्ममधून स्पॅम गेला तर आयपी काळ्या यादीत जातो, मग वाचनालयाची ईमेलंही पोहोचत नाहीत. ईमेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या आणि प्रत्येक डोमेनचे एसपीएफ व डीकेआयएम (ईमेल खरंच त्या डोमेनकडून आलं हे पटवणारे डीएनएस रेकॉर्ड) वेगळे लावा.

'.भारत' डोमेन याच सर्व्हरवर चालेल का?

हो, अगदी बाकीच्यांसारखं. देवनागरीतलं '.भारत' ऑगस्ट २०१४ पासून मिळतं, आणि मराठी, कोकणी, हिंदी यांच्यासह आठ भाषा त्यात येतात. पण ब्राउझर सर्व्हरला ते नाव पुनीकोडमध्ये पाठवतो, म्हणजे 'एक्सएन' आणि दोन जोडचिन्हांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात. 'सर्व्हर_नेम', 'अलाउड_होस्ट्स' आणि सर्टिफिकेट, तिन्हीकडे तेच रूप लिहा. नाव निवडताना ऱ्य, ऱ्ह अशी अक्षरं टाळलेली बरी. ती दोन प्रकारे टंकता येतात, दिसायला सारखी आणि आतून वेगळी, त्यामुळे पुनीकोडही वेगळा येतो. जोडीला रोमन डोमेनही घ्या. ईमेल पत्ता सांगताना तेच उपयोगी पडतं.

डोमेन कुणाच्या नावावर घ्यायचं?

क्लायंटच्या. त्यांच्या ईमेलवर, त्यांच्या पैशानं. तुम्हाला फक्त डीएनएस बदलायचा अधिकार पुरे. दहा वर्षं छापील पावत्यांवर आणि पिशव्यांवर गेलेलं नाव दुसऱ्याच्या खात्यात असणं हा त्या माणसावर अन्याय आहे. तुमच्याशी संपर्क तुटला, तुम्ही आजारी पडलात, तरी त्यांचं नाव त्यांच्याकडे राहायला हवं.

लॉग किती दिवस ठेवायचे?

प्रत्येक साइटचा लॉग वेगळ्या फाइलीत, म्हणजे एका क्लायंटला त्याचा लॉग देताना दुसऱ्याच्या पाहुण्यांची माहिती जात नाही. मुदतीबद्दल: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा देणाऱ्या आणि इतर संस्थांनी १८० दिवसांचे लॉग ठेवावेत असं आहे. तेवढे ठेवा, दाबून लहान केलेल्या रूपात.

एखादं अ‍ॅप वाढलं. त्याला वेगळ्या सर्व्हरवर कसं हलवायचं?

वर सांगितलेला वेगळेपणा राखला असेल तर हे एका संध्याकाळचं काम आहे: एक वापरकर्ता, एक फोल्डर, एक डेटाबेस, एक एनजिनेक्सची फाइल. आदल्या दिवशी डोमेनचा टीटीएल (डीएनएसचं उत्तर इतरांनी किती वेळ साठवून ठेवायचं तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. नव्या सर्व्हरवर सगळं उभं करून 'होस्ट्स' फाइलच्या युक्तीनं तपासा. मग जुन्या अ‍ॅपमध्ये लिहिणं थांबवा, डेटाबेसची शेवटची प्रत नेऊन भरा आणि डीएनएस बदला.

टीटीएल न पाळणारे काही आयएसपी असतात, त्यामुळे थोडे लोक जुन्याच आयपीवर येत राहतील. त्यांच्यासाठी जुन्या सर्व्हरच्या एनजिनेक्समध्ये 'प्रॉक्सी_पास' नव्या सर्व्हरकडे वळवून ठेवा, म्हणजे कुणाची ऑर्डर जुन्या डेटाबेसात पडणार नाही. जुन्या सर्व्हरचा त्या डोमेनचा लॉग दोन-तीन दिवस शांत राहिला की ती फाइल काढा, रीलोड करा आणि सर्टबॉटमधून त्या डोमेनचं सर्टिफिकेट 'डिलीट' करा.